खिडकीकडे तोंड करा

अमरावतीत फोटोग्राफर शोधत हिंडावं लागत नाही. राजकमल चौकात उभं राहून नुसतं "फोटो" म्हटलं तर चार जण वळून पाहतात आणि पाचवा खिशातून कार्ड काढून हातात ठेवतो. असल्या गर्दीत माया खंडारे बारा वर्षं एकटीच्या हिमतीवर टिकून होती. तिला दुकान नव्हतं, हाताखाली माणूस नव्हता, ड्रोन तर नव्हताच. एक कॅमेरा, दोन लेन्स, उजेड परतवायला थर्माकोलचा एक पांढरा तुकडा आणि हे सगळं वाहणारी स्कूटी, एवढाच तिचा पसारा. शिवाय एक तोंड होतं, आणि ते ती नको तिथेही वापरायची.

तिच्या धंद्याचा पाया म्हणजे मेळावा. दर जानेवारीत अकोल्याला बौद्ध उपवर-वधूंचा परिचय मेळावा भरायचा. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतली लग्नाची मुलं-मुली स्टेजवर येऊन नाव, गाव, शिक्षण, नोकरी सांगायची, आणि खाली बसलेल्या मंडळींच्या मांडीवर परिचय पुस्तिका उघडी असायची. पुस्तिकेत प्रत्येकाचा नंबर, माहिती आणि फोटो. पसंत पडलेल्या नंबरापुढे बॉलपेनने खूण करायची, नाही पडला तर फुली. सात वर्षं त्या पुस्तिकेतला प्रत्येक फोटो मायाने काढला होता.

दिवाळी झाली की ती स्कूटी काढायची आणि तिवसा, भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर असं गावोगाव फिरायची. घरात शिरली की आधी खिडकी शोधायची. "खिडकीकडे तोंड करा," हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं आईसाठी असायचं, "मावशी, तुमी माह्या मागं उभ्या राहा अन् पोरीशी बोलत राहा." आई काहीबाही बोलायची, बहुतेक वेळा रागवायचीच, आणि त्या बोलण्यावर लेकराच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते माया टिपायची. फोटोवर नंतर हात फिरवायची नाही. कपाळावरचा केस बाजूला करील, पण रंगाला बोट लावणार नाही. जो माणूस जसा आहे तसा कागदावर, हा तिचा हेका होता.

मेळाव्यात जमलेल्या लग्नांपैकी निम्मी लग्नं मग आपसूक तिच्याकडे यायची. मेळावा गेला तर अख्खं वर्ष गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि यंदा नेमका त्याच्यावरच घाला आला.

अकोल्यात 'झगमग इव्हेंट्स' नावाची कंपनी दोन वर्षांत चांगलीच फोफावली होती. काळे टी-शर्ट घातलेली पंधरा माणसं, दोन गाड्या, भिंतीएवढा एलईडी स्क्रीन, आणि सगळ्यांच्या पुढे शिवम नावाचा तिचा मॅनेजर. हा शिवम समितीच्या बैठकीत येऊन गोड आवाजात म्हणाला, "सर, फोटो आमचे, स्क्रीन आमचा, पुस्तिका गुळगुळीत कागदावर आमची. समितीने एक पैसा द्यायचा नाही. फक्त उमेदवारांची नावं, पत्ते आणि फोन नंबर आम्हाला द्यायचे." म्हणजे पुढची सगळी लग्नंही त्यांचीच.

समितीचे अध्यक्ष धर्मपाल सर हे निवृत्त मुख्याध्यापक, रंगाने काळेसावळे. माणूस सरळ, पण फुकट म्हटलं की त्यांचेही डोळे लकाकायचे. समितीच्या तिजोरीत कायमच खडखडाट असतो, त्यांना दोष तरी काय देणार? त्यांनी मधला मार्ग काढला. यंदा अकोला विभागाचे फोटो झगमगने काढायचे, अमरावती विभागाचे मायाने. मेळावा पार पडला की बघायचं, आणि ज्याचं काम सरस त्याला पुढची पाच वर्षं द्यायची.

"पाहा सर, हा शब्द आहे तुमचा," माया म्हणाली.

"माया, मी पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं," सर म्हणाले. मायाला तेवढं पुरलं.

ती कामाला लागली. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झगमगने नमुन्याची चार पानं मोबाइलवर सोडून दिली आणि घरोघरी कालवा झाला. त्या पानांवर अकोल्याच्या पोरी अशा काही उजळल्या होत्या, की पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. गाल गुलाबी, नाकं धारदार, आणि सगळ्यांचा रंग एकाच डब्यातून काढलेला. मुलांनाही सोडलं नव्हतं.

माया भातकुलीला पोचली तेव्हा इंदूबाई दारातच वाट बघत होती. इंदूबाई अंगणवाडी सेविका. तिची पायल बी.फार्म. झालेली, अमरावतीत औषधाच्या दुकानात नोकरीला. पायल सावळी नव्हे, चांगली काळी होती, आणि हसली की समोरच्याला कारण नसताना हसू यायचं. आठच दिवसांपूर्वी मायाने तिचा फोटो काढला होता. या हंगामातला तिचा सर्वांत आवडता फोटो तोच.

"हे पाह्य," इंदूबाईने मोबाइल पुढे केला. "अकोल्याच्या पोट्ट्या कशा दिसून राहिल्या! अन् आमची? तूनं तर आहे त्याच्याहून काळी केली."

"आहे तशीच आहे मावशी. उलटी छान आली."

"छान तुह्यासाठी. फोटो पाहून लोकं पान पलटवतात, तुले काय त्याचं? थोडी उजळव. कम्प्युटरवर दोन मिनिटाचं काम हाये म्हणते लोकं."

"दोन मिनिटाचंही नाही," माया म्हणाली. "पण मी नाही करत."

"काहून?"

आता याचं उत्तर माया कोणाला देत नसे, पण इंदूबाई खनपटीला बसली आणि पायल आतून कान देऊन ऐकत होती, म्हणून तिने दिलं. माया चोवीस वर्षांची असताना वडिलांनी तिचाही असाच फोटो काढून आणला होता. स्टुडिओवाल्याने ब्रशने चांगली गोरी केली होती. वरूडहून पाहुणे आले. मायाने पोहे आणले. मुलाच्या आत्याने एकदा हातातल्या फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सगळ्यांदेखत विचारलं, "अन् फोटोतली पोरगी कोठी गेली?" पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि निघून गेले. तिचे वडील त्यानंतर चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पुढे मायाने लग्न केलंच नाही, कॅमेरा घेतला.

"ते तुह्या टायमाचं झालं," इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता, पण मन खाली आलं नव्हतं. "आता सगळेच करतात. एकटी माही पोरगी काळी दिसून कसं चालन?"

चौथ्या दिवशी इंदूबाईने पायलचा फोटो परत घेतला. अकोल्यात तिची बहीण राहायची. तिचा पत्ता फॉर्मवर टाकून तिने लेकीला झगमगच्या शिबिरात नेऊन बसवलं. तिच्या मागोमाग आणखी एकवीस घरं गेली. तिवशाच्या एका आईने तर मायाला फोनवर सुनावलं, "तुमाले आमच्या पोरीचं चांगलं झालेलं पाहवत नाही." माया त्या दिवशी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून थांबली. वाईट वाटलं, संताप आला, आणि एकदा मनात आलंही की करावं बाई पांढरं, आपल्या बापाचं काय जातं? मग तिने किक मारली आणि पुढच्या गावाला गेली. उरलेले एकशे सहा फोटो तिने तिच्याच पद्धतीने काढले.

मेळाव्याच्या रविवारी अकोल्याचं सभागृह सकाळी दहालाच गच्च भरलं. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, धर्मपाल सरांचं भाषणही चक्क वेळेत संपलं. मग झगमगने आपली झगमग दाखवायला सुरुवात केली. धूर सुटला, गाणं वाजलं, ड्रोन छताखाली घोंगावला आणि पंख्याला अडकता अडकता वाचला. स्टेजमागे तो भला मोठा स्क्रीन. शिवमची कल्पना अशी की उमेदवार माइकपुढे आला की स्क्रीनच्या डाव्या बाजूला पुस्तिकेतला फोटो झळकायचा आणि उजव्या बाजूला तोच माणूस, थेट कॅमेऱ्यातून, भिंतीएवढा.

माया शेवटच्या रांगेत बसली होती. शिवमची ही कल्पना ऐकल्याबरोबर तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्चीत सावरून बसली. पंधरा माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

पहिला उमेदवार आला. डावीकडे गुलाबी गालांचा राजकुमार, उजवीकडे उन्हातान्हात विजेच्या खांबांवर चढणारा, रापलेला गडी. सभागृहात खसखस पिकली. तो बिचारा स्वतःच मागे वळून स्क्रीनकडे बघत राहिला, मग तोही हसला. दुसरीला हसले, तिसरीला जरा जास्त. एखादी निमगोरी मुलगी आली की तेवढ्यापुरते लोक गप्प व्हायचे. लोकांना आता खेळच सापडला होता. पुस्तिकेतली माहिती कोणी वाचेना, सगळे डावं-उजवं करत बसले.

सतरा नंबरला पायल आली. पांढरी साडी, हातात घट्ट धरलेला रुमाल. "जयभीम. मी पायल..." एवढं तिने म्हटलं आणि डाव्या बाजूला दुधासारखी पांढरी, टोकदार नाकाची कोणी भलतीच बाई उगवली.

मधल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "माल बदलला गा!"

सभागृह फुटलं. म्हातारे हसले, बाया पदरात हसल्या, मागे उभ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पायलने मान वळवून स्क्रीन पाहिला. तिने माइक जागेवर ठेवला, अगदी नीट ठेवला, आणि ती विंगेत निघून गेली. अठरा नंबरची मुलगी स्टेजवर यायला तयार होईना. एकोणिसाव्या नंबरचे वडील उठून म्हणाले, "आमी चाललो घरी." शिवमने घाईने माइक ओढला, "पाच मिनिटांचा टेक्निकल ब्रेक," आणि गाणं मोठ्याने लावलं.

खरं सांगायचं तर मायाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गावोगाव ऐकून घेतलेलं सगळं तिला आठवलं. घ्या आता, म्हणावं. सरस कोण ते ठरलं, पाच वर्षांचं काम खिशात. एवढं मनात येऊन गेलं आणि मग तिला विंगेत गेलेल्या मुलीची पाठ आठवली, आणि स्वतःची शरम वाटली. बॅग उचलून ती स्टेजमागे गेली.

बायकांच्या खोलीत पायल भिंतीकडे तोंड करून उभी होती. इंदूबाई तिच्या खांद्याला हात लावायची आणि पायल तो झटकायची. मायाला पाहून इंदूबाई फणकारली, "झालं तुह्या मनासारखं? ये, पाहून घे."

"मावशी, सरका जरा," माया म्हणाली. या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी होती. "पोरी, तुहा फोटो काढते. आहे तसा. तो स्क्रीनवर लावू. बाहेर बसलेल्या सगळ्याच पोरापोरींचे काढते."

तेवढ्यात दारात शिवम आला, मागे धर्मपाल सर. शिवमला घाम फुटला होता, पण आवाज अजून गोड होता. "ताई, स्क्रीन आमचा आहे. बाहेरचं मेमरी कार्ड आम्ही नाही लावत. आणि तुम्ही कशाला एवढा जीव काढता? सरांनी सांगितलं नाही का? करार काल संध्याकाळीच झाला. पाच वर्षांचा."

मायाने सरांकडे पाहिलं. सर स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

"कागदाचा भाव वाढणार म्हणाले हे," सर म्हणाले. "आज सही केली नाही तर पुढच्या वर्षी फुकट जमणार नाही म्हणाले. मी... माया, समितीचा विचार केला मी."

मायाला आधी नीट कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिला एवढा राग आला की कानशिलं तापली. ज्या परीक्षेसाठी ती दोन महिने गावं पालथी घालत होती, तिचा निकाल आदल्याच दिवशी लागून गेला होता. आता तिने काही केलं काय आणि न केलं काय, काम गेलंच होतं. उलट हात लावला तर मेळावा सावरायचा आणि नाव झगमगचं व्हायचं. कोणत्याही शहाण्या माणसाने बॅग उचलून दुपारची गाडी धरली असती.

मायाने मात्र कॅमेरा काढला. पण रागात काढलेला फोटो हलतो. ती नळापाशी गेली, मनगटावर गार पाणी सोडलं, हात पुसले आणि परत आली.

"सर," ती म्हणाली, "अमरावती विभाग आधी घ्या. ते फोटो खरे आहेत, कोणी हसणार नाही. तोवर मी अकोला विभाग इथं उरकते. दोन-अडीच तास लागतील."

"सर, असं नाही करता येणार," शिवम म्हणाला. "आमच्या सिस्टीममध्ये..."

"लावा," धर्मपाल सर म्हणाले. मुख्याध्यापकाचा आवाज होता तो, बऱ्याच दिवसांनी बाहेर काढलेला. "मेळावा समितीचा आहे अजून. ती देईल तो फोटो लावा."

थर्माकोल मात्र मायाने आणलं नव्हतं. आज काही काढायचं नव्हतं ना. तिने इकडेतिकडे पाहिलं. स्क्रीनच्या खोक्यांतली पॅकिंगच्या थर्माकोलची मोठमोठी शीट कोपऱ्यात पडली होती. त्यातली एक ओढून तिने खुर्चीवर टेकवली. खिडकीतला उजेड तिच्यावर आपटून खोलीभर पसरला.

"खिडकीकडे तोंड कर, पायल. मावशी, तुमी माह्या मागं या. बोला तिच्याशी."

इंदूबाई मागे येऊन उभी राहिली. अंगणवाडीत चाळीस लेकरांना गप्प बसवणारी बाई, तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. शेवटी ती म्हणाली, "बाई वो, माहं चुकलं. मले तू कधीच काळी दिसली नाही. लोकायलेच भेली मी."

पायलने आईकडे पाहिलं. रागही होता त्या बघण्यात, जिव्हाळाही होता, आणि रडून झाल्यावर येतो तसा एक मोकळेपणा. मायाने तेवढ्यात बटण दाबलं. मग कॅमेरा फिरवून पायलला फोटो दाखवला.

"ही मी हावो," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "द्या ते कार्ड. मी नेऊन देते."

आणि कामाची साखळी लागली. इंदूबाई दारात उभी राहून नंबर पुकारायची. माया खिडकीपाशी, एकेकाला दीड मिनिट, आई असली तर आई, नाहीतर बाप, काका, मैत्रीण, कोणीतरी मागे उभं करून बोलायला लावायचं. कार्ड भरलं की पायल ते घेऊन स्क्रीनवाल्याकडे धावायची. हा भगवंत नावाचा गृहस्थ स्क्रीन भाड्याने देणारा होता, झगमगचा नोकर नव्हता. शिवमने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मले भिंत लावाचे पैसे भेटतात. कार्ड जे देसान ते लावतो."

बाहेर अमरावती विभाग सुरू झाला होता. डावीकडे फोटो, उजवीकडे माणूस, आणि दोन्हीकडे एकच माणूस. पहिल्या दोघांना लोक सवयीने हसायच्या तयारीत होते, पण हसण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी निमूट पुस्तिका उघडल्या आणि बॉलपेनं चालू झाली. जेवणाची सुट्टी झाली. पुरीभाजीचा वास खोलीपर्यंत आला, पण माया हलली नाही. कोणीतरी तिच्या हातात बुंदीचा द्रोण दिला, तो तिने खिडकीत ठेवला आणि पुढचा नंबर बोलावला. पाठ भरून आली होती. पुढे पुढे लोकांनी स्वतःच तिचं वाक्य उचललं, रांगेतले मागचे पुढच्यांना सांगायचे, "खिडकीकडे तोंड करा म्हणते बाई, अन् पावडर पुसा."

अकोला विभाग पुन्हा सुरू झाला तेव्हा पायलने सांगितलं, मी परत जाते, पहिली मीच. इंदूबाई नको नको म्हणत राहिली आणि पायल स्टेजवर जाऊन उभी राहिली. डाव्या बाजूला तिचा नवा फोटो आला. सभागृह एकदम शांत झालं. लाजेची शांतता होती ती.

"जयभीम. मी पायल इंगळे, राहणार भातकुली. पत्ता अकोल्याचा टाकला होता, तो खोटा. फोटोही खोटा होता. हा खरा." ती थांबली. "बी.फार्म. केलं, नोकरी करते. सकाळी जे हसले त्यायचे नंबर मी लिहून ठेवले हायेत. माह्या पुस्तिकेत त्या नंबरायवर फुली मारली. बाकीच्यायनं चौकशी कराले हरकत नाही."

आधी एक म्हातारी हसली, मग टाळ्या पडल्या, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मायाने त्या खोलीतूनच ऐकल्या; तिच्यापुढे एकशे चार नंबरचा मुलगा बसला होता आणि त्याची आई त्याला दाढी न केल्याबद्दल झापत होती.

साडेचारला शेवटचा फोटो झाला. शिवम आत आला आणि खुर्ची ओढून समोर बसला. "ताई, मान गये. आमच्याकडे या. नवा कॅमेरा देतो, दोन माणसं देतो, गाडी घ्यायला येईल. एकटीने किती दिवस धावणार?"

"अन् फोटो उजळवायचे?"

"क्लायंट मागेल ते द्यावं लागतं ताई. धंदा आहे."

"मग नाही जमत," माया म्हणाली आणि लेन्सचं झाकण लावलं.

दाराशी धर्मपाल सर होते. "माया, मी काय करू? सही मोडता येत नाही. पाच वर्षं फोटो त्यांनीच काढायचे, असं लिहून दिलंय."

"तुमी मले सांगायला पाहिजे होतं सर," ती म्हणाली. "काम नसतं दिलं तरी चाललं असतं. सांगायला पाहिजे होतं." तिने जयभीम केला आणि बॅग खांद्याला लावून बाहेर पडली. पायऱ्या उतरताना तिला पहिल्यांदा जाणवलं की सकाळपासून पोटात काही नाही आणि पुढच्या जानेवारीत आपल्याला कुठे जायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीने पुसलं.

"ताई, थांबा," मागून पायल धावत आली. हातात पुढच्या वर्षीचा फॉर्म होता, मघाशी सगळ्यांना वाटलेला. "काम त्यायलेच दिलं म्हणे?"

"हो."

"समितीनं दिलं ना? मी तर कोठी सही केली नाही." पायलने फॉर्म दोन हातांनी धरला. "करार समितीचा हाये ताई, चेहरा माहा हाये. त्यायच्या शिबिरात मी जाणारच नाही. तुमी काढा, मी फोटो फॉर्मले चिकटवून देते अन् समितीले सांगते, छापसान तर हाच छापा, नाही तर माहा फॉर्म वापस द्या. काय करतीन?"

इंदूबाई पोचली होती. "अन् पायलचं जमलं तर पुढच्या वर्षी माह्या भाचीचा काढ," ती म्हणाली. "अन् लग्नाले तर तूच. लिहून घे."

माया तिच्याकडे बघत राहिली. "लिही ना बाई," इंदूबाई खेकसली, "बस निघून जाईन माही."

मायाने पायरीवर बसून वही काढली. इंदूबाईचं नाव लिहून होईपर्यंत एकोणिसाव्या नंबरचे वडील येऊन उभे राहिले, धाकटीसाठी. त्यांच्यामागे तिवशाची ती फोनवर सुनावणारी आई, नजर चुकवत. मग दर्यापूरचे दोघे, बाळापूरची एक आत्या, खांबांवर चढणारा तो रापलेला गडी. पायऱ्यांवरून रांग फाटकाकडे वळली आणि पायल तिला सरळ करत फिरू लागली. नाव, गाव, फोन नंबर, कोणता रविवार. झगमगची गाडी सामान भरून बाजूने गेली, कोणी मान वर केली नाही.

पंचेचाळीस नावं झाली तेव्हा समोर थोडी सावली पडली आणि बोलणी थांबली. धर्मपाल सर पायरीवर उभे होते. त्यांनी रांग बघितली, वही बघितली, आणि घसा साफ केला. करारातलं कलम वाचून दाखवतात की काय, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं.

"माझी नात आहे मूर्तिजापूरला," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी तिचाही फॉर्म आहे. नाव घे तिचं. रंग... माझ्यावरच गेलीय."

मायाने वहीतून डोकं वर काढलं नाही. तिच्या ओठांवर हसू आलं होतं, ते तिला सरांना इतक्यात दाखवायचं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "रांग तिकडून आहे."

आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांना रांगेत उभं करणारे धर्मपाल सर पायऱ्या उतरून, फाटकापर्यंत चालत जाऊन, शेवटच्या माणसामागे उभे राहिले.